लहान ट्रॅक्टरच्या एंजिनाची जुळणी व चाचणी

नवी मुंबईसाठी 1970 पासून भूसंपादन झाले आणि नेरूळलगतच्या सारसोळे गावाची शेतीही शहरात गेली. तथापि खाडीकाठी जेथे अद्याप भातखाचरे आहेत, तेथे लहान ट्रॅक्टर खाऱ्या, दमट हवेत महिनोन्‌महिने पडून राहतो. लायनरला गंज चढतो व ऐन चिखलणीच्या तोंडावर एंजिन अडते.

अशा डिझेल एंजिनात नव्या रिंगा तशाच बसवू नयेत. प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये सरळ सरकवून तिच्या तोंडाची फट फीलर गेजने मोजावी. फट अपुरी असल्यास तापल्यावर टोके भिडून रिंग मोडते व लायनरवर चरे पडतात. सर्व रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ देऊ नयेत. हेडचे नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत.

चाचणी उघड्यावर घ्यावी. बंद खोलीतील धूर प्राणघातक असतो. इंधननळीतील हवा काढून एंजिन सुरू करताच तेलाचा दाब पाहावा. तो न दिसल्यास एंजिन तत्काळ बंद करावे. दहा-पंधरा मिनिटांनी थांबवून गळती तपासावी.

एंजिनाला जपावे म्हणून ते तासन्‌तास रिकामे चालविण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आढळते. ती घातक होय. भाराविना रिंगा लायनरशी नीट जुळत नाहीत, लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि तेल जळून निळा धूर येऊ लागतो. म्हणून हलक्या मशागतीचा भार लवकर द्यावा, तो क्रमाक्रमाने वाढवावा. चिखलणीस मात्र एवढ्यात जुंपू नये. पहिले तेल लवकर बदलावे आणि एंजिन निवाल्यावर टॅपेटची फट पुन्हा जुळवावी.