भिडूने मोठी बोली लावली, आता तुम्ही काय बोलणार?



भागीदारीच्या व्हिडिओत आपण ब्रिजचा एक डाव पाहिला. आज तोच सावकाश समजून घेऊ. ब्रिज येत नसेल तरी चालेल.

ब्रिजमध्ये चौघे जण, दोन-दोनच्या जोड्या, प्रत्येकाला १३ पत्ते. भिडूचे पत्ते दिसत नाहीत. जे सांगायचं ते बोलीतूनच. ताकद गुणांत मोजतात: एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १. अख्ख्या कॅटमध्ये ४० गुण.

समजा भिडूने सुरुवातच केली, ‘दोन किलवर’. प्रचलित पद्धतीत याचा किलवरच्या पत्त्यांशी संबंध नसतो. ही खूण आहे: "माझ्याकडे २२ किंवा जास्त गुण आहेत, किंवा जवळजवळ एकट्याच्या बळावर मोठा डाव होईल."

तुमच्या हातात मात्र इस्पिक ८-६-२, बदाम ९-७-४, चौकट ८-६-५-२, किलवर ९-५-३. गुण शून्य! मनात येतं, "आपल्याकडे काहीच नाही, गप्प बसू. पास."

इथेच घात होतो. भिडूकडे बघा: इस्पिक एक्का-राजा-राणी-गुलाम-१०-४, बदाम एक्का-राजा-५, चौकट एक्का-राजा-३, आणि किलवरची एकटी छक्की. तुम्ही पास म्हणालात, की किलवर हुकूम ठरतो. तुमच्या जोडीकडे हुकमाची चारच पानं, समोरच्यांकडे नऊ. २४ गुणांचा हात मातीत!

म्हणून नियम क्रमांक १: दोन किलवरवर, समोरचा मध्ये बोललेला नसेल तर, पास नाही. शून्य गुण असले तरी नाही.

नियम २: सांगण्यासारखं नसेल तर ‘दोन चौकट’ म्हणा. हीसुद्धा खूणच: "ऐकतोय, पुढे सांग." ही सगळ्यात स्वस्त बोली आहे, त्यामुळे भिडूला बोलायला जागा उरते. तो म्हणतो ‘दोन इस्पिक’. तुमच्याकडे इस्पिकची तीन पानं आहेत, बाकी काही नाही. थेट ‘चार इस्पिक’ म्हणा. म्हणजे १३ पैकी १० हात करायचे. भिडूच्या हातात ते जवळजवळ तयारच आहेत.

नियम ३: खरोखर ताकद असेल तरच ती दाखवा. साधारण ८ गुण आणि एका रंगाची पाच चांगली पानं, उदा. बदाम राजा-राणी-१०-८-४ आणि बाहेर एक राजा, तर ‘दोन बदाम’ म्हणा. आता भिडू १२ किंवा १३ हातांचा विचार करेल. म्हणूनच इथे फुगवून सांगणं महागात पडतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. दोन चौकटनंतर भिडू ‘दोन बिनहुकुमी’ म्हणाला, तर त्याने २२ ते २४ गुण सांगितले. गेमला जोडीचे साधारण २५ लागतात. तुमच्याकडे शून्य असेल तर आता पास चालतो. त्याचं पूर्ण सांगून झालंय.

आता धंद्यात या. तुम्ही दोघं मसाल्याचा व्यवसाय करता. भागीदार म्हणतो, "मोठी ऑर्डर मिळतेय, घेऊ या." तुमच्याकडे भांडवल नाही, म्हणून तुम्ही गप्प. त्याला वाटतं तुमची तयारी नाही, आणि ऑर्डर हातची जाते. किंवा उगाच "पैशाचं मी बघतो" म्हणता आणि माल भरायच्या वेळी दोघं अडकता. त्यापेक्षा सरळ सांगा, "पैसे नाहीत, पण पॅकिंगचे दोन हात आहेत. पुढचं सांग." हीच तुमची दोन चौकट. यात कमीपणा काही नाही.

आणि खुणा आधी ठरवायला हव्यात. काही जोड्या अगदी कमजोर हातासाठी ‘दोन बदाम’ वापरतात. दोन्ही पद्धती चालतात. फक्त एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरी धरली, तर डाव बसतो.

गृहपाठ: या आठवड्यात भागीदारासोबत बसून तीन गोष्टी लिहा. मोठी संधी आली तर किती वेळात उत्तर द्यायचं? "माझ्याकडे नाही" हे कसं सांगायचं? "मी इतकं देतो" म्हणजे नक्की किती रुपये, किती तास?

कागदावर दोघांची सही करा. भेटू पुढच्या धड्यात!