थंड देशाची मोटार आणि विदर्भाचा उन्हाळा



मे महिन्यात माठातले पाणी थंड का राहते, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. पाणी माठाच्या बारीक छिद्रांतून पाझरते, त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता माठातूनच घेतली जाते. हाच साधा नियम रस्त्यात अडून बसलेली जुनी मोटार पुन्हा चालू करतो. कसा, ते आज पाहू.

समजा, गोंदियाहून बिरसीकडे एक जुनी अॅम्बॅसिडर निघाली आहे. अंतर दहा-बारा किलोमीटरचेच. पण महिना मे, दुपारचे दोन वाजलेले आणि पारा ४४ अंश सेल्सिअसवर. वाटेत मालक पाणी प्यायला थांबतो. पाच मिनिटांनी परत येऊन किल्ली फिरवतो. स्टार्टर गरगर फिरतो, पण इंजिन काही सुरू होत नाही. टाकीत पेट्रोल आहे, बॅटरी चांगली आहे. सकाळी हीच गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली होती. मग बिघाड कुठे आहे?

गाडीचे मूळ गाव

बिघाड समजण्यासाठी आधी गाडीचे मूळ गाव पाहू. अॅम्बॅसिडर बनत असे पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे, हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात. तिचे उत्पादन १९५०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले आणि २०१४ साली थांबले. परंतु तिचा आराखडा इंग्लंडच्या ‘मॉरिस ऑक्सफर्ड’ या गाडीचा होता. ऑक्सफर्ड शहराजवळच्या काउली येथील कारखान्यात ती गाडी तयार होई. तेथे जुलै महिन्यात, म्हणजे भर उन्हाळ्यातही, दुपारचे सरासरी तापमान २२-२३ अंशांच्या आसपास असते. आपल्याकडे गोंदिया जिल्ह्यात ते मे महिन्यात ४२ अंशांपलीकडे जाते. वीस अंशांचा हा फरक जुन्या इंग्लिश मोटारीच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी असतो.

पेट्रोल उकळते तेव्हा

पेट्रोल हे एकच द्रव्य नाही. ते अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक ३५-४० अंशांच्या सुमारासच उकळू लागतात. जड घटकांना २०० अंशांच्या आसपास तापमान लागते. म्हणजे आपल्या मे महिन्यातील सावलीतसुद्धा पेट्रोलचा काही भाग उकळण्याच्या बेतात असतो. बॉनेटखालची हवा तर याहून कितीतरी तापलेली असते.

आता पेट्रोलचा मार्ग पाहा. टाकी गाडीच्या मागच्या बाजूला असते. अशा अनेक गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनाच्याच अंगाला बसवलेला असतो. तो पेट्रोल ओढून घेतो आणि वर कार्ब्युरेटरकडे ढकलतो. ओढताना नळीतील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो. दाब कमी झाला, की द्रवाचा उत्कलनबिंदू खाली येतो. एकीकडे तापमान चढलेले, दुसरीकडे उत्कलनबिंदू उतरलेला! मग नळीत आणि पंपात पेट्रोलचीच वाफ साचते. पंप द्रव ढकलण्यासाठी केलेला असतो. वाफ नुसतीच दाबली जाते आणि सैल होते; पुढे काही जात नाही. गाडीने ‘हवा धरली’ असे लोक म्हणतात. खरे पाहता तेथे हवा नसते, वाफ असते. म्हणून याचे नेमके नाव ‘बाष्प-अडसर’.

पण गाडी चालू असताना न थांबता उभी राहिल्यावरच का अडली? चालत्या गाडीत पंखा फिरत असतो, पाणी खेळत असते आणि टाकीतून ताजे पेट्रोल सतत येऊन पंपाला थंड ठेवते. इंजिन बंद करताच हे तिन्ही थांबते. तापलेल्या बिडाच्या इंजिनातील उष्णता मात्र बाहेर पडतच राहते आणि पंप व कार्ब्युरेटर तापवते. म्हणूनच गाडी बंद केल्यावर काही मिनिटे बॉनेटखालचे तापमान उतरण्याऐवजी चढते.

ओल्या फडक्याची करामत

जाणता ड्रायव्हर अशा वेळी स्टार्टर फिरवत बसत नाही. त्याने फक्त बॅटरी उतरते. तो बॉनेट उघडतो आणि पेट्रोलच्या पंपावर व नळीवर ओले फडके गुंडाळतो. फडक्यातील पाण्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. ही सुप्त उष्णता पंपातून घेतली जाते, पंप थंड होतो, आतील वाफेचे पुन्हा पेट्रोल होते आणि गाडी सुरू होते. माठाचाच नियम!

मात्र दोन गोष्टी विसरू नयेत. फडके तारांवर आणि वितरकावर ठेवू नये, नाहीतर ठिणगीच पडणार नाही. आणि तापलेल्या इंजिनावर बादलीने गार पाणी कधीही ओतू नये. गरम काचेच्या पेल्यात गार पाणी ओतले की पेला तडकतो, तसेच बीड तडकू शकते.

आजच्या गाड्यांत हा त्रास का दिसत नाही? कारण त्यांचा पंप टाकीतच असतो. तो पेट्रोल ओढत नाही, मागून ढकलतो. नळीत दाब वातावरणाच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे उत्कलनबिंदू वर जातो आणि वाफ होतच नाही. निसर्गाचा नियम तोच आहे. पंपाची जागा तेवढी बदलली.

रेडिएटरचे झाकण

दाब वाढवून उत्कलनबिंदू वर नेण्याची युक्ती जुन्या गाडीतही एका ठिकाणी असते. ते ठिकाण म्हणजे रेडिएटरचे झाकण. त्यात एक स्प्रिंग असते. झाकणावर ७ हा आकडा असेल, तर आतील दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस इंचाला ७ पौंडांनी वाढेपर्यंत ते वाफ सोडत नाही. अशा दाबाखाली पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंशांना उकळते. तुमच्या घरचा प्रेशर कुकर याच तत्त्वावर डाळ लवकर शिजवतो.

पण यातच धोका आहे. समजा, आतील पाणी १०५ अंशांवर आहे. झाकण उघडताच दाब एकदम नाहीसा होतो, उत्कलनबिंदू १०० वर येतो आणि पाणी त्याच क्षणी उसळून उकळते. वाफेचा फवारा थेट तोंडावर येतो. अनेकांचे हातपाय व चेहरे अशा रीतीने भाजले आहेत. म्हणून तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. निदान अर्धा तास थांबावे आणि झाकणाला हात सहज लावता येईल तेव्हाच मोठ्यांनी ते उघडावे.

विरळ हवा

उन्हात गाडीचा जोरही कमी पडतो. हवा तापली की प्रसरण पावते व विरळ होते. २२ अंश सेल्सिअस म्हणजे २९५ केल्व्हिन आणि ४४ अंश म्हणजे ३१७ केल्व्हिन. २९५ ला ३१७ ने भागा. उत्तर सुमारे ०.९३ येईल. म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक श्वासात हवा ७ टक्के कमी. हवा कमी म्हणजे ऑक्सिजन कमी आणि शक्तीही कमी.

बिरसीला याचे आणखी एक उदाहरण आहे. तेथील धावपट्टी ब्रिटिशांच्या काळात, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तयार झाली. आता तेथे वैमानिकांचे प्रशिक्षणही होते. विमानाच्या पंखांनाही हवेच्या घनतेचाच आधार असतो. म्हणून तेच विमान थंडीतल्या सकाळी लवकर उडते आणि उन्हाळ्यातल्या दुपारी त्याला अधिक लांब धावावे लागते.

गाडी सांभाळायची तर

आता पेट्रोलही बदलले आहे. २०२५ साली देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलमुळे जुन्या जातीचे रबर फुगते, मऊ पडते किंवा चिरते. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते. म्हणून जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा बसवावा लागतो. गळकी नळी म्हणजे आगीला आमंत्रण.

दुरुस्तीला बसताना पानेही इंचाचे लागतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्या नटाला १३ मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावताच घसरतो आणि नटाचे कोपरे झिजवतो.

सरकारनेही अशा गाड्यांची दखल घेतली आहे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र ती रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही.

जुनी गाडी बोलत नाही, पण ती कुठे, केव्हा आणि किती तापल्यावर थांबली, एवढे नीट पाहिले तर आपले दुखणे सांगते. सुटा भाग बदलण्याआधी कारण शोधणे, ही सवय अशा गाड्यांमुळे लागते आणि ती इतरत्रही उपयोगी पडते.

करून पाहा

सुई नसलेली १० मिलिलिटरची नवी सिरिंज घ्या. उकळून, मग हाताला सोसेल इतके निववलेले पाणी तिच्यात २ मिलिलिटर भरा. आतील हवा पूर्ण काढून टाका. तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोराने मागे ओढा. पाण्यात बुडबुडे दिसतील. दट्ट्या सोडताच ते नाहीसे होतील. हवा असती तर मोठा बुडबुडा मागे राहिला असता. म्हणजे ती वाफच होती. पेट्रोलच्या नळीत हेच घडते. हा प्रयोग पाण्यानेच करा. पेट्रोलला हातही लावू नका.

विचार करा

१. अॅम्बॅसिडरच्या गाजलेल्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ७३.०२५ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ८८.९ मिलिमीटर होती. असे अवघड आकडे का? दोन्हींना २५.४ ने भागून पाहा.

२. या मापांवरून चार सिलिंडरांचे एकूण घनफळ काढा. उत्तर सुमारे १४८९ घन सेंटिमीटर यायला हवे.

३. दमट हवेत, पावसाळ्यात, ओल्या फडक्याची युक्ती कमी उपयोगी का पडेल?