काढा घ्या, पण गोळी सोडू नका



“सिस्टर, अर्जुनाची साल उकळून पितो, मग ही गोळी कशाला?” हा प्रश्न मी पाड्यांवर ऐकते आणि शहरातल्या मंडळींतही. म्हणून या अंकात कोलेस्टेरॉल व झाडपाला हाच पाठ घेते.

आधी इसबगोल, कारण त्याचा गुण सर्वांत पक्का. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवते. इसबगोलाचा चिकट लगदा आतड्यातले पित्त धरून शौचावाटे बाहेर नेतो. मग नवे पित्त बनवण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते. रोज सुमारे १० ग्रॅम भुसा घेतल्यास वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ५ ते १० टक्के उतरते. भुसा भरपूर पाण्यातूनच घ्यावा आणि इतर औषधे दोन तास अंतर ठेवून घ्यावीत.

लसणाने थोडा फरक पडतो. आपल्या लसणाच्या चटणीला माझी काहीच हरकत नाही (मीठ मात्र कमी!). पण रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, रक्तस्राव वाढू शकतो.

गुग्गुळाचे नाव फार मोठे. तरीही २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे झालेल्या चाचणीत गुग्गुळ घेणाऱ्यांचे एलडीएल उतरण्याऐवजी ४ ते ५ टक्के वाढले, काहींच्या अंगावर पुरळही उठले. शिवाय हे झाड आता दुर्मीळ झाले आहे.

अर्जुन ओढ्याकाठी सहज मिळतो, लोकांचा त्यावर विश्वासही आहे. पण रक्तवाहिनीत साचलेला थर कोणत्याही काढ्याने धुऊन निघत नाही. ‘ब्लॉकेज मोकळे करतो’ असे सांगून बाजारात पुड्या विकतात, त्यांचा मला राग येतो.

हृदयाच्या झटक्यानंतर दिलेली स्टॅटिनची जोरकस मात्रा एलडीएल जवळजवळ निम्म्यावर आणते. स्टेंट बसवलेल्याने रक्त पातळ ठेवणारी गोळी मनानेच बंद केली, तर त्या स्टेंटमध्येच गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. आमच्याकडचे एक दादा काढ्याच्या भरवशावर दोन महिने गोळ्यांविना राहिले आणि छातीत कळ घेऊनच परत आले. देवाच्या कृपेने ते वाचले.

शिबिराला येताना गोळ्यांसोबत घरचा पालाही पिशवीत आणा. रागावणार नाही, दोन्ही एकत्र पाहू.