माणूस बांधू नये, काम बांधावे
लहान सफाई व्यवसायाचे रक्षण : एक अभ्यास



आपल्या वस्त्यांतील कित्येक तरुणांनी व भगिनींनी सफाईच्या कामाचे स्वतःचे व्यवसाय सुरू केले आहेत. जे काम पिढ्यान्‌पिढ्या जन्माने लादले गेले, तेच काम आज दर ठरवून, करार करून आणि आपल्या अटींवर करणे यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परंतु असा व्यवसाय उभा राहतो न राहतो, तोच एक दुखणे मागे लागते. शिकवून तयार केलेले कामगार दुसरा कोणी फोडतो आणि कष्टाने मिळवलेली गिऱ्हाइके हातची जातात. यावर उपाय काय, याचा विचार आपण या लेखात करणार आहोत.

आमचा अनुभव

आम्ही तिघा मित्रांनी मिळून हा व्यवसाय सुरू केला. एका गृहनिर्माण सोसायटीचे जिने, लिफ्ट व आवार साफ ठेवण्याचे काम आमच्याकडे होते. दोन भगिनी तेथे दोन वर्षे काम करीत होत्या. एका महिन्याच्या अखेरीस सोसायटीने आमचे काम बंद केले आणि दुसऱ्याच दिवशी त्या दोघी सोसायटीच्या थेट पगारावर तेथेच कामाला लागल्या. आम्हाला फार राग आला. यापुढे प्रत्येक कामगाराकडून 'काम सोडल्यावर दोन वर्षे दुसरीकडे सफाईचे काम करणार नाही' असे लिहून घ्यायचे, असे आम्ही ठरविले.

मसुदा घेऊन आम्ही एका परिचित वकिलांकडे गेलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुम्ही तिघे यापूर्वी कोठे होता?" आम्ही निरुत्तर झालो. आम्ही तिघेही एका मोठ्या ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. असा कागद त्याने आमच्याकडून लिहून घेतला असता आणि तो कायद्याने टिकला असता, तर आमचा व्यवसाय जन्मालाच आला नसता.

कायदा काय सांगतो?

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे कोणालाही कायदेशीर पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यास मनाई करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. धंद्याचा नावलौकिक विकत देणाऱ्यावर वाजवी बंधन घालता येते, हा त्यास मुख्य अपवाद आहे. कल्याण येथील टायर-कॉर्ड कारखान्याच्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली, नोकरीच्या ठरलेल्या मुदतीत दुसरीकडे काम न करण्याची अट मान्य केली. नोकरी संपल्यानंतरची बंदी ही वेगळी गोष्ट आहे. ती न्यायालयात सहसा टिकत नाही. म्हणजे फरशी पुसणाऱ्या कामगाराला दोन वर्षे घरी बसविणारा कागद केवळ भीती दाखविण्यापुरता उरतो.

येथे आपल्याला इतिहासही विसरता येत नाही. वतनाने माणूस गावाच्या कामाला बांधला जात होता. ते बंधन सैल करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. वेठबिगारीची पद्धत १९७६ च्या कायद्याने रद्द झाली. अशा वेळी उचल देऊन अडकविणे, मूळ कागदपत्रे दाबून ठेवणे किंवा शेवटचा पगार रोखणे हे प्रकार आपल्या हातून तरी घडता कामा नयेत.

मग रक्षण कसे करावे?

१. करार गिऱ्हाइकाशी करावा. काम तोंडी घेऊ नये. काम बंद करण्यापूर्वी ३० दिवसांची लेखी सूचना द्यावी, ही अट असावी. शिवाय असे एक कलम घालावे : 'या कराराच्या मुदतीत ग्राहकाने आमच्याकडील कामगार थेट कामावर घेतल्यास, त्याची भरती व प्रशिक्षण यांचा खर्च म्हणून ठरलेली रक्कम ग्राहक आम्हास देईल.' यात कामगारावर बंदी नाही. फक्त आपला खर्च भरून मिळतो.

२. रक्कम वाजवी असावी. कलम ७४ प्रमाणे न्यायालय करारातील आकड्याच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देते. समजा, नवीन माणूस शोधणे, त्याचा गणवेश आणि सुपरवायझरने शिकविण्यात घालविलेला आठवडा मिळून ६,००० रुपये खर्च येतो. तर तेवढेच लिहावे आणि त्याचा हिशेब जपून ठेवावा. ५०,००० लिहिल्याने ५०,००० मिळत नाहीत.

३. गिऱ्हाईक एका माणसाच्या हाती सोडू नये. आमची चूक येथेच झाली होती. दोन वर्षांत आम्ही सोसायटीच्या सेक्रेटरींना क्वचितच भेटलो. मालकाने महिन्यातून एकदा स्वतः जावे, काम पाहावे, तक्रार वहीत नोंदवावी आणि ती दूर झाल्यावर गिऱ्हाइकाची सही घ्यावी.

४. कौशल्य कामगाराचे, कागद व्यवसायाचे. फडका कसा मारावा, कोणत्या फरशीला आम्ल लावू नये, हे ज्ञान कामगाराबरोबर जाणारच. मात्र दरपत्रके, गिऱ्हाइकांची यादी आणि किल्ल्या व्यवसायाच्या ताब्यात असाव्यात. त्या सुपरवायझरने बाहेर देऊ नयेत, हे नेमणूकपत्रात लिहावे.

५. एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून राहू नये. निम्मे उत्पन्न एकाच ठिकाणाहून येत असेल, तर ते काम गेल्यावर व्यवसायच कोलमडतो.

सर्वांत मोठे कुलूप

काही दिवसांनी त्या दोघींपैकी एक भगिनी बाजारात भेटल्या. आम्ही कारण विचारले. त्या म्हणाल्या, "दादा, तुमचा पगार कधी १५ तारखेला, कधी २० ला. घरभाडं थांबतं का?" त्यांचे म्हणणे खरे होते. बिल मिळाल्याशिवाय पगार नाही, हा आमचा नियम होता. मासिक पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत देणे कायद्याने बंधनकारक आहे. गिऱ्हाइकाने बिल थकविले, ही सबब त्याला चालत नाही.

त्यानंतर आम्ही एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम बँकेत वेगळी ठेवू लागलो आणि ती जमेपर्यंत आम्ही तिघांनी घरी कमी पैसे नेले. किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी, हातमोजे आणि वेळेवर पगार या गोष्टी मिळू लागल्यावर माणसे टिकू लागली. व्यवसायात १० कामगार झाले की राज्य कामगार विमा आणि २० झाले की भविष्य निर्वाह निधी लागू होतो, हेही ध्यानात ठेवावे. या सवलती मिळत असल्या म्हणजे कामगार थोड्या जादा पैशासाठी सहज जात नाही.

तरीही कोणी गेलाच, तर त्याचा हिशेब पूर्ण करून त्याला अनुभवाचा दाखला द्यावा. उद्या तो स्वतःचा व्यवसाय काढील आणि कदाचित आपला स्पर्धकही होईल. आम्हीही असेच बाहेर पडलो होतो. आपल्याला मिळालेली वाट मागून येणाऱ्यासाठी बंद करून आपला व्यवसाय मोठा होणार नाही.