अक्रोडाची साल दातांना चालेल का?

प्रश्न : श्रीनगरच्या बाजारातून दात घासण्यासाठी अक्रोडाची साल आणली आहे. ती रोज वापरावी का? आमच्या आवारातही अक्रोडाचे झाड आहे, त्याची साल चालेल का?

उत्तर : आधी आवारातल्या झाडाबद्दल, कारण ते महत्त्वाचे. खरा अक्रोड थंड डोंगरी हवेतला. महाराष्ट्र-गोव्यात बागांमध्ये दिसतो तो बहुधा जंगली अक्रोड, एरंडाच्या कुळातला. त्याची कच्ची बी खाल्ल्यास उलट्या-जुलाब होतात. त्याची सालही तोंडात घालू नका.

तुम्ही आणलेली साल म्हणजे दंडासा. काश्मीरपासून पंजाबपर्यंत बायका ती पिढ्यान्‌पिढ्या दातांवर घासत आल्या आहेत. दात उजळ दिसतात, ओठ-हिरड्यांवर तांबूस रंग चढतो. लग्नकार्यात तोच शृंगार. सालीतल्या टॅनिनमुळे हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात. पण रोज घासाल तर दातांचे आवरण झिजू शकते. कधीतरी, भिजवून, हलक्या हाताने वापरा. अक्रोडाची अ‍ॅलर्जी असेल तर मुळीच नको.

माझे मन मात्र रमते ते फळावरच्या हिरव्या टरफलात. त्यातल्या रंगहीन द्रव्याचे हवा लागताच जुग्लोन हे रंगद्रव्य बनते आणि त्याचे काळपट-तपकिरी डाग पडतात, म्हणून सप्टेंबरच्या काढणीत काश्मिरी लोकांचे हात काळे पडतात आणि कित्येक दिवस तसेच राहतात. याच टरफलाने लोकर पक्की रंगते, तुरटीही लागत नाही. केसांनाही लावतात, पण त्याने कातडीची आग होऊ शकते.

साल घेताना एवढे पाहा : ती छाटलेल्या फांदीची असावी. खोडाची साल सभोवार सोलली की झाड वाळते.