क्लचचं ट्यूनिंग : बर्फावरून आमच्या खाणीत!

स्नोमोबिल तुम्ही पिक्चरमध्ये नक्कीच पाहिली असेल. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा. गुलमर्गला गेला असाल तर बसलाही असाल. पण तिच्यात गिअर बदलावे लागत नाहीत, हे किती जणांच्या लक्षात आलं? मलाही बाहाच्या टीममध्ये जाईपर्यंत पत्ता नव्हता. आमच्या बग्गीला जो सीव्हीटी आहे, तो स्नोमोबिलच्या क्लचचाच भाऊ. (कॉन्व्हेंटचं मराठी आहे, सांभाळून घ्या!)

दोन पुली आणि मध्ये एक व्ही-बेल्ट, इतकंच. पुढची पुली, म्हणजे प्रायमरी, इंजिनच्या शाफ्टवर. तिच्यात छोटी वेट्स असतात. इंजिन फिरलं की केंद्रोत्सारी बलाने (हा शब्द मराठी मीडियमच्या मैत्रिणीकडून उसना) ती बाहेर फेकली जातात, स्प्रिंगच्या विरुद्ध पुलीची एक बाजू ढकलतात आणि बेल्ट वर चढतो. मागच्या सेकंडरीत स्प्रिंग आणि तिरका कॅम, म्हणजे हेलिक्स. चढावर लोड आला की हेलिक्स बेल्टला घट्ट आवळतो आणि रेशो परत खाली आणतो. याला बॅकशिफ्ट म्हणतात.

ट्यूनिंगचा हेतू एकच. फुल थ्रॉटलला इंजिन जिथे जास्तीत जास्त पॉवर देतं, त्याच आरपीएमवर त्याला धरून ठेवायचं. वेग वाढवायचं काम बेल्ट करेल. टू-स्ट्रोक स्नोमोबिलमध्ये हा आकडा साधारण ८००० च्या आसपास असतो. आमचं १० हॉर्सपॉवरचं इंजिन ३८०० ला गव्हर्न केलेलं.

स्पर्धेला १५ दिवस उरले होते. फायनल इयरवाल्यांचा हा शेवटचा चान्स. आणि गाडी खाणीतल्या चढावर अर्ध्यात बसायची, मागून बेल्ट जळल्याचा वास. एक सिनिअर म्हणाला, "अगं, इंजिनच दमलंय." मी प्लगच्या वायरला टॅकोमीटर गुंडाळला. सपाटीवर फुल थ्रॉटलला ३१००! इंजिन दमलं नव्हतं, वेट्स जड होती. बेल्ट घाईने वर चढत होता आणि इंजिन पॉवरच्या खालीच अडकत होतं.

वेट्स हलकी केली की आरपीएम वाढतो, जड केली की उतरतो. डोंगरावर जाणारे स्नोमोबिलवालेही हेच करतात. दर १००० फुटांना इंजिनची साधारण ३ टक्के ताकद जाते, म्हणजे गुलमर्गच्या २६५० मीटरवर जवळजवळ चौथा हिस्सा. तिथे समुद्रसपाटीची वेट्स चालणार कशी?

आम्ही वेट्स दोनदा बदलली, आरपीएम ३६०० ला आला. सगळे खूश. पण चढावर परत घसरला. आता मात्र वेट्सना हात लावायचा नाही असं मी ठरवलं. सपाटीवर ठीक आणि लोडवर घसरतो, याचा अर्थ बॅकशिफ्ट होत नाही. सेकंडरीची स्प्रिंग पुढच्या भोकात अडकवून ताण वाढवला. गाडी वर! (टॉप स्पीड गाठायला आता थोडा वेळ लागतो, पण ते चालेल.)

खरं तर सगळ्यात आधी करायचं काम आम्ही सगळ्यात शेवटी केलं. पुलीचे चेहरे कोरड्या फडक्याने पुसा, ग्रीसचा बोटभर डागसुद्धा नको. बेल्टची रुंदी मोजा. दोन्ही पुली एका रेषेत आहेत का ते स्ट्रेट-एजने बघा. आमची मागची पुली ३ मिलिमीटर बाहेर होती. एक नवा बेल्ट त्यातच गेला, आणि बेल्टचे पैसे आम्ही वर्गणी काढून भरले होते.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. वेट आणि स्प्रिंग दोन्ही एकदम बदलून सिनिअर्सनी एक अख्खा रविवार घालवला, कशाने काय झालं कोणालाच सांगता येईना. आता प्रत्येक रनचं वेट, स्प्रिंगचं भोक आणि आरपीएम मी एका वहीत लिहिते. वही वर्कशॉपमध्ये लेथच्या मागच्या कपाटात आहे, निळ्या कव्हरची. पुढच्या बॅचने शेवटच्या पानापासून सुरुवात करावी, पहिली दहा पानं चुकीच्या अलाइनमेंटवर घेतलेली आहेत.