अल्पखर्ची झोंबीपट : एका रसिकाची बाजू

मराठी वाचकाला 'झोंबी' म्हटले की आनंद यादवांचे पुस्तक आठवते. तेथे झोंबी म्हणजे शिक्षणासाठी परिस्थितीशी केलेली झटापट. प्रस्तुत लेखातला झोंबी निराळा. तो उठून चालू लागलेला मुडदा होय. असल्या चित्रपटांचा मी चाहता आहे हे ऐकून प्राध्यापक हसतात व मित्र कीव करतात. त्यांतही कमी खर्चाचे झोंबीपट मला अधिक आवडतात म्हटल्यावर तर संभाषणच खुंटते. म्हणून माझी बाजू येथे मांडतो.

मूळ कल्पना कॅरिबियन समुद्रातील हैतीची. उसाच्या मळ्यांत राबलेल्या गुलामांच्या वंशजांत अशी समजूत होती की, मांत्रिक मुडद्याला उठवून कामाला जुंपतो. मरणानेही सुटका नाही, ही त्यातली खरी भीती. १९३२ च्या 'व्हाइट झोंबी' या चित्रपटात साखरेच्या कारखान्यात राबणारे असे मुडदे दिसतात.

आजचा झोंबी मात्र जॉर्ज रोमेरो यांच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) मधून आला. खर्च सुमारे १ लाख १४ हजार डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने किरकोळच. चित्रण कृष्णधवल, रक्ताच्या जागी चॉकलेटचा पाक, मुडद्यांच्या भूमिकेत आसपासची माणसे आणि बहुतेक सारी कथा एका शेतघरात. नायक बेन कृष्णवर्णीय आहे. तो रात्रभर मुडद्यांशी झुंजून जिवंत राहतो. सकाळी मदतीला आलेली बंदूकधारी टोळी त्यालाच मुडदा समजून गोळी घालते. जिवंत कोणाला म्हणायचे हे बंदूक हाती असणारा ठरवतो, एवढी मोठी गोष्ट या स्वस्त चित्रपटाने सांगितली.

आपल्याकडे या वाटेवर प्रथम रामसे बंधू आठवतात. 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' (१९७०) पडला, पण त्यातल्या मुखवटाधारी चोरीच्या प्रसंगाला प्रेक्षक येतात, हे त्यांनी हेरले. पुढे मोजकी माणसे घेऊन त्यांनी महाबळेश्वर गाठले व 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) केला. दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन सारे घरातच. पुरलेला नवरा सूड घ्यायला परततो, ही त्याची कथा. रामशांच्या चिकाटीचे मला कौतुक वाटते. परंतु त्यांच्या हवेल्या कोणत्याच गावच्या नसतात, अशी माझी तक्रार आहे. मध्येच घुसवलेल्या विनोदी उपकथानकाचे व अंगप्रदर्शनाचे तर समर्थन करताच येणार नाही. पैसा कमी असणे वेगळे आणि आळस वेगळा.

गाव सापडले की काय होते, हे प्रशांत वर्मा यांच्या 'झोंबी रेड्डी' (२०२१) या तेलुगू चित्रपटात दिसते. भव्य देखाव्यांची सवय झालेल्या आपल्या हैदराबादच्या चित्रसृष्टीत हा चित्रपट धाकटाच. शहरातली तरुण मंडळी लग्नासाठी कर्नूलच्या बाजूला जातात. रायलसीमेतल्या घराण्यांच्या वैराची पार्श्वभूमी. माणसे आधीच एकमेकांच्या जिवावर उठलेली. तेथे चावणारे मुडदे परके वाटत नाहीत. विनोद काही ठिकाणी लांबतो, तरी भूमी खरी आहे. आदित्य सरपोतदार यांचा मराठी 'झोंबिवली' (२०२२) डोंबिवलीतील टोलेजंग इमारत व शेजारची झोपडवस्ती समोरासमोर उभी करतो, आणि भांडण असते पाण्याचे. पाण्यासाठी भांडलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

माझे मत असे की, पैसा नसला म्हणजे दिग्दर्शकाला आपल्याच गल्लीकडे पाहावे लागते. महागडा चित्रपट राजधान्या उद्ध्वस्त करतो. आपण खुर्चीत सुरक्षित राहतो. स्वस्त चित्रपटात दार ठोठावणारा मुडदा कालपर्यंत शेजारी असतो.

'झोंबी रेड्डी' पाहताना मी हसत होतो, मग हसू थांबले. २०२० साली आमच्या गल्लीतील एका कुटुंबाला करोना झाला तेव्हा त्यांच्या दारावरून जाणेही लोकांनी सोडले. त्यांची मुले खिडकीत उभी राहत, आणि आम्ही समोरच्या खिडक्या लावून घेत असू. आम्ही म्हणजे मीसुद्धा. सावधगिरी आवश्यक होती; पण निदान खिडकीतून विचारपूस करता आली असती. ती मी केली नाही. पडद्यावर तोंड फिरवणारी माणसे पाहून मला त्या खिडकीची आठवण झाली.

आज हातातल्या मोबाइलवर चित्रपट करता येतो. आपल्या महाविद्यालयातील कोणी झोंबीपट करायचे मनात आणले, तर त्याने रंगभूषेची चिंता मागाहून करावी. आपल्या वस्तीत कोणाला कोण जिवंत धरत नाही, याचा शोध आधी घ्यावा. मुडद्यांच्या कामाला मी विनामूल्य येईन.